अंगात मुरलेले दुःख आणि मायेचा हात

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त केनवड येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला आरोग्यावर बोला असे सांगितले. आरोग्य म्हटले की शुगर, बी.पी., स्वच्छ पाणी, लसीकरण असे विषय डोळ्यांपुढे येतात. हे सगळे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यावर याच विहारात पूर्वी बोलणे झालेले आहे. आज मात्र आम्ही अशा एका दुखण्यावर बोलणार आहोत, की जे तपासणीच्या कागदावर दिसत नाही, पण वस्तीतल्या प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या घरात आहे. आम्ही काही मोठे डॉक्टर नाही. आरोग्याच्या कामात गावोगावी फिरलेली, तुमच्यातलीच माणसे आहोत. त्यामुळे जे पाहिले, जे वाचले आणि जे खात्रीचे आहे, तेवढेच सांगू.

आपल्या आया-बहिणी दवाखान्यात जातात तेव्हा काय सांगतात ते आठवा. “डॉक्टरसाहेब, आंग दुखते.” “छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटते.” “मानेत गोळा आल्यासारखं होते.” “रातच्याला जीव घाबरते, झोप लागत नाही.” डॉक्टर तपासतात, रक्त काढतात, फोटो काढतात. रिपोर्ट चांगला येतो. मग एक ताकदीची गोळी आणि एक गॅसची गोळी लिहून मिळते. बाई घरी येते. दुखणे तसेच. शेजारीण म्हणते, “हिले काही झालं नाही, नुसतं सोंग हाय.” आणि मग ती बाई दुखणे सांगणेच बंद करते.

बंधू-भगिनींनो, ते सोंग नसते. दुखणे खरे असते. फक्त त्याचे मूळ हाडात किंवा आतड्यात नसून भोगलेल्या दुःखात असते. कोणाचे लेकरू गेलेले असते, कोणाचा नवरा रोज दारू पिऊन मारतो, कोणी लहानपणी असे काही सोसलेले असते की ते आजवर कोणाजवळ बोलता आलेले नाही. शहरातले डॉक्टर याला ‘ट्रॉमा’ म्हणतात. आपण त्याला मनावरचा घाव म्हणू. मनाचा घाव तोंडाने बोलला गेला नाही तर तो अंगाने बोलतो, हे पहिले लक्षात घ्यावे.

आता हे होते कसे? समजा रात्री शेतातून येताना समोर साप दिसला. विचार करायला वेळच मिळत नाही. छाती धडधडते, श्वास वर चढतो, हातापायाचे स्नायू ताठ होतात, तोंडाला कोरड पडते, पोटात कालवते. शरीर आपोआप पळायला किंवा लढायला तयार होते. साप निघून गेला की थोड्या वेळाने हातपाय थरथरतात, घाम येतो, दीर्घ श्वास सुटतो आणि शरीर पुन्हा शांत होते. ही निसर्गाची सोय आहे आणि तिच्यामुळेच माणसाची जात टिकली.

पण साप जर घरातच असेल तर? म्हणजे असे की, धोका जातच नसेल तर? कर्जाचा हप्ता दर महिन्याला दारात उभा असेल, किंवा संध्याकाळी नवऱ्याच्या चपलेचा आवाज आला की काळजात धस्स होत असेल, तर शरीराला शांत व्हायला सवडच मिळत नाही. पळताही येत नाही, लढताही येत नाही. मग खांदे वर चढलेले ते चढलेलेच राहतात, दात आवळलेले राहतात, श्वास छातीच्या वरच्या वरच चालतो, पोट आक्रसून जाते. अशी वर्षे गेली की ती शरीराची सवय होऊन बसते. पुढे धोका टळला, सासरा वारला, नवऱ्याची दारू सुटली, तरी शरीर पहारा सोडत नाही. “दुःख अंगात साठते” असे जे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच. खांद्यात कुठे दुःखाची गाठ ठेवलेली नसते. मेंदूला, मज्जातंतूंना आणि स्नायूंना पहाऱ्याची सवय लागलेली असते.

हे नीट समजून घेणे आपल्याला विशेष गरजेचे आहे. कारण आपल्या समाजाच्या अंगावर अशी सवय एका माणसाच्या आयुष्यातली नाही, तर कित्येक पिढ्यांची लादली गेली. आपल्या आजोबा-पणजोबांना पाणी प्यायचे तर ओंजळ धरून उभे राहावे लागे आणि दुसरा वरून पाणी ओते. दाराबाहेर उभे राहणे, मान खाली घालणे, कमरेत वाकून जोहार घालणे, आपली सावलीसुद्धा कोणावर पडू नये म्हणून अंग चोरून चालणे, हे सगळे शरीरालाच शिकवले गेले होते. अस्पृश्य हा शब्दच पाहा. ज्याला शिवायचे नाही तो. जन्मलेल्या लेकराला जगात सर्वांत आधी जे हवे असते, तेच माणसाला नाकारणारी ती व्यवस्था होती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा ते पाणी पिण्यासाठीच केवळ नव्हते हे आपण नेहमी सांगतो. पण त्या दिवशी हजारो माणसे ताठ मानेने चालत तळ्यापर्यंत गेली, ही गोष्टसुद्धा तितकीच मोठी आहे. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५६ साली धम्म मिळाला. जोहार गेला आणि जय भीम आला. जोहार घालताना पाठ वाकत होती, जय भीम म्हणताना छाती पुढे येते. शरीरावर झालेला हा केवढा मोठा उपचार आहे! तरीही प्रामाणिकपणे बोलायचे तर कायदा एका दिवसात लागू होतो, आवळलेला खांदा एका दिवसात सैल होत नाही. मुलाखतीच्या खोलीत आपल्या शिकलेल्या पोरांचे हात घामाने ओले होतात, साहेबापुढे आवाज बसतो. हुशारीत ती कुठे कमी नसतात. शरीर जुना पहारा देत असते.

मग यावर उपाय काय? बोलणे हा उपाय आहे आणि तो मोठा उपाय आहे. पण ज्या दुःखाला शब्दच नाहीत तिथे बोला बोला म्हणून काय उपयोग? म्हणून गेल्या शंभर वर्षांत काही लोकांनी शरीराच्या बाजूने वाट शोधली. त्यातल्या काही वाटा आम्ही थोडक्यात सांगतो.

अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली एक साधी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. आधी मूठ घट्ट आवळायची, मग सोडायची. खांदे वर ओढायचे, मग सोडायचे. असे एकेक अवयव करत सगळे अंग सैल करायचे. आवळलेले म्हणजे काय आणि सोडलेले म्हणजे काय, यातला फरक माणसाला कळू लागतो. मॅरियन रोझेन या बाई जर्मनीतून हिटलरच्या छळामुळे परागंदा झालेल्या. पुढे अमेरिकेत त्या व्यायामोपचाराचे काम करत. आवळलेल्या स्नायूवर नुसता हलका हात ठेवून, न दाबता, माणसाला आपल्या अंगाकडे लक्ष द्यायला लावायचे अशी पद्धत त्यांनी बसवली. पीटर लेव्हिन यांनी १९९७ साली एक पुस्तक लिहून असा विचार मांडला, की संकटातून सुटलेले जनावर थरथरून मोकळे होते, माणूस मात्र लाजेने आणि भीतीने ती थरथर दाबून टाकतो. म्हणून माणसाला सुरक्षित जागी, हळूहळू ती मोकळी करू द्यावी. आपणही पाहतो, कुत्रा मागे लागलेली बकरी सुटली की अंग झाडते आणि थोड्या वेळाने चरायला लागते.

यात एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत, ऐकले म्हणून मानायचे हा आपला मार्ग नव्हे. या हलक्या हाताच्या पद्धतींनी अनेकांना आराम पडतो हे खरे, परंतु केवळ त्यांनी मनाचा जुना घाव बरा होतो, असा भक्कम पुरावा आज हाती नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली अशा आघातांसाठी मार्गदर्शन दिले, त्यात प्रशिक्षित माणसाकडून होणारे विशिष्ट समुपदेशनाचे उपचार सुचवले. तेव्हा अंगाचे उपचार हे सोबतीला घ्यायचे, मूळ उपचाराच्या जागी नाही. एका बैठकीत सगळे दुःख बाहेर काढून देतो असे म्हणणारा आणि त्यासाठी हजारो रुपये मागणारा कोणी भेटला, तर तो भगताचाच नवा अवतार समजावा.

पण स्पर्शाचे काय? स्पर्शाने खरेच काही होते का? होते, आणि याबद्दल मात्र पुरावा चांगला आहे. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की जे हळुवार कुरवाळण्यालाच जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर एवढ्या वेगाने हात फिरला की ते जागे होतात आणि मेंदूच्या भावनेच्या भागाला निरोप देतात. घाईघाईने चोळले तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोन शास्त्रज्ञांना मिळाले, ते त्वचेला उष्णता आणि स्पर्श कसा कळतो हे शोधून काढल्याबद्दलच. म्हणजे ज्या विषयाला आपण बायकांचे तेल-पाणी म्हणून हिणवतो, त्यावर जगातले मोठे शास्त्रज्ञ आयुष्य घालवत आहेत.

आणि खरे सांगायचे तर या विद्येच्या आपल्याच घरात जुन्या जाणकार आहेत. बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावणारी, शेक देणारी, बाळाला पायांवर आडवे घेऊन चोळून आंघोळ घालणारी आपली बुढी माय! फ्रान्समधले डॉ. फ्रेडरिक लेबॉये यांनी कलकत्त्यात शांतला नावाच्या एका आईला बाळाला मालिश करताना पाहिले आणि १९७६ साली त्यावर पुस्तक काढले. त्यातून युरोपातल्या अनेक आया बाळाला तेल लावायला शिकल्या. १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी दिवस न भरता जन्मलेल्या बाळांना दिवसातून तीन वेळा, पंधरा-पंधरा मिनिटे, दहा दिवस हलके मालिश करून पाहिले. त्या बाळांचे वजन इतर बाळांपेक्षा रोज ४७ टक्क्यांनी जास्त वाढले. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी-जास्त झाला. पण आईच्या उघड्या छातीशी बाळ धरून ठेवण्याची जी पद्धत १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिचा मोठा अभ्यास भारतासह पाच देशांत झाला आणि २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला. जन्मानंतर लगेच छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये पहिल्या महिन्यातले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. आपल्या सरकारी दवाखान्यांतही आता ही पद्धत शिकवतात. तेव्हा माय-बहिणींनो, आपल्या हाताला कमी लेखू नका.

मात्र आपण ही माया किती दिवस देतो? सव्वा महिना. पुढे सूनबाई शेतात निंदायला जाऊ लागली की तिच्या पाठीवर हात ठेवायला कोणी नसते. आणि पुरुषांचे तर विचारूच नका. बाप आपल्या दहा वर्षांच्या पोराला जवळ घेणे बंद करतो, तो थेट त्याच्या लग्नात. पोरगा बापाच्या खांद्याला हात लावतो तो बाप गेल्यावर. पुरुषाने रडायचे नाही, दुखते म्हणायचे नाही. मग तो काय करतो? दारूच्या दुकानाकडे वळतो, कारण अंग सैल करायला त्याला दुसरी कोणती वाट कोणी दाखवलेलीच नसते.

याची किंमत आपल्या भागाने मोजलेली आहे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यात आपला वाशिम जिल्हा होता. २०१५ साली राज्य सरकारने प्रेरणा प्रकल्प चौदा जिल्ह्यांत आणला, त्यातही आपण होतो. आशाताईंनी घरोघरी जाऊन, कोण खचला आहे, कोणाला झोप नाही, हे विचारण्याची कल्पना त्यात होती. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ नावाचा एक उपक्रम तीस गावांत झाला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून त्यांनी लोकांना भेटायचे, ऐकायचे, गरज पडली तर डॉक्टरकडे पोहोचवायचे, असे ते काम होते. त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला उदासीनतेचा आजार असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांना मदत मिळत होती, दीड वर्षात ते प्रमाण सत्तावीसवर गेले. याचा अर्थ आपल्याकडची माणसे मदत नको म्हणत नाहीत. त्यांच्यापर्यंत कोणी आपला माणूस आपल्या बोलीत जात नाही, एवढेच. “भाऊ, रात्री झोप लागते का?” एवढा प्रश्न विचारणारा माणूस वस्तीत असला तर एखादे घर उघड्यावर पडायचे वाचते.

आपल्या धम्मात याला आधार आहे का, असे काही उपासक विचारतील. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकीकत येते. त्याला अतिसार झालेला, तो स्वतःच्याच घाणीत पडलेला, आणि त्याची सेवा करायला कोणी नव्हते. भगवान आनंदासह तिथे आले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायाकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. त्यानंतर भिक्खूंना बोलावून भगवंतांनी आजाऱ्याची सेवा करायला सांगितले. उपदेश नंतर आला, आधी हात लागला, हे ध्यानात घ्या.

पटाचारेची गोष्ट आपण वर्षावासात ऐकतो. नवरा, दोन्ही लेकरे आणि माहेरची माणसे अशी सगळी एकापाठोपाठ गमावलेली ती बाई अंगावरच्या वस्त्राचे भान नसलेल्या अवस्थेत फिरत होती. लोक तिला हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर ये असे मायेने म्हटले, आणि गर्दीतल्या एका माणसाने आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. आधी अंगावर पांघरूण पडले, मग धम्म समजला, आणि हीच बाई पुढे विनयाची मोठी जाणकार थेरी झाली.

शरीराकडे लक्ष देणे ही तर बुद्धांच्या साधनेची पहिली पायरीच आहे. सतिपट्ठानात आधी काया येते, मग वेदना. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो नुसता जाणायचा. आपल्या महाराष्ट्रात इगतपुरीला १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेची विपश्यना शिबिरे होतात. दहा दिवस मौन पाळून अंगावरच्या संवेदना पाहायला शिकवतात. १९९४ साली तिहारच्या तुरुंगात हजारावर कैदी एकाच शिबिरात बसले होते. पण इथेही एक सूचना. ज्याचा घाव ताजा आहे, ज्याला रात्री-बेरात्री जुने प्रसंग डोळ्यांपुढे दिसतात, ज्याला मनाच्या आजाराचे औषध चालू आहे, त्याने एकदम दहा दिवसांच्या मौनात बसू नये. आधी डॉक्टरला विचारावे आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नये. चिघळलेल्या जखमेवर कोणी जड ओझे ठेवत नाही.

आता घरी काय करता येईल ते सांगतो. यात खर्च काही नाही.

पहिली गोष्ट, पाय जमिनीला. जीव घाबरला की खुर्चीवर किंवा ओट्यावर बसावे, दोन्ही तळपाय जमिनीला टेकवावेत, पाठ भिंतीला लावावी. डोळे मिटू नयेत, उघडे ठेवावेत. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची मनात नावे घ्यावीत. शरीराला कळते की आपण आता, इथे, आपल्या घरात आहोत.

दुसरी गोष्ट, सोडलेला श्वास. श्वास जोरात ओढू नये. गरम चहावर फुंकर घालतो तसा तो हळूहळू बाहेर सोडावा. आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे. असे दहा-बारा वेळा केले की छातीची धडधड उतरू लागते.

तिसरी गोष्ट, आवळणे आणि सोडणे. हे खास पुरुष मंडळींसाठी, कारण यात कोणाला काही सांगावे लागत नाही. निजण्याआधी मुठी, खांदे, जबडा, पोट, मांड्या आणि तळपाय पाच-पाच सेकंद आवळावे आणि मग सोडून द्यावे.

चौथी गोष्ट, तेलाचा हात. घरात जे तेल असेल ते कोमट करावे. मनगटापासून कोपरापर्यंत हात न्यायला पाच-सात सेकंद लागतील इतक्या सावकाश फिरवावा. दाबायचे नाही, कडकड वाजवायचे नाही. हात, तळपाय, खांदे एवढेच पुरे. सुनेने सासूचे पाय चेपायचे असे आपल्याकडे चालत आले. आमची विनंती आहे की एखाद्या दिवशी सासूबाईंनीही सुनेच्या खांद्याला तेल लावावे.

पाचवी गोष्ट, रडू येऊ द्यावे. तेल लावता लावता एखादीला एकदम रडू कोसळते, हात थरथरतात. घाबरू नये. “काऊन रडतं वो?” असे विचारू नये आणि “उगी, उगी” म्हणून तोंडही दाबू नये. हात तसाच ठेवावा आणि जवळ बसावे. ती बोलली तर ऐकावे, नाही बोलली तरी चालते. आणि ऐकलेले दुसऱ्या दिवशी हातपंपावर सांगू नये.

यासोबत काही नियम पाळलेच पाहिजेत. हात लावण्याआधी विचारायचे, दरवेळी विचारायचे. ज्या माणसाला स्पर्शातूनच घाव झालेला आहे, त्याला मायेचा हातसुद्धा चटका देऊ शकतो. तो नको म्हणाला की हात तिथेच थांबला पाहिजे. नको म्हणता येणे आणि ते ऐकले जाणे, हाच अशा माणसाचा अर्धा उपचार असतो. लेकरांनाही हे शिकवा की नको वाटणारा हात कोणाचाही असो, मामाचा, काकाचा, शिक्षकाचा, त्याला नाही म्हणायचे आणि आईला येऊन सांगायचे. लेकराने सांगितले तर त्यालाच दटावू नका. अशा गुन्ह्यांसाठी २०१२ साली स्वतंत्र कायदा झालेला आहे आणि लहान मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन आहे. उपचार करतो म्हणून बाईला एकटीला दार बंद करून बसवणाऱ्याकडे जाऊ नका.

मालिश कधी करू नये तेही ऐका. ताप असताना, हाड मोडले असताना, जखमेवर, एकच पाय सुजून लाल आणि गरम झाला असताना मालिश करायचे नाही. गरोदर बाईचे पोट चोळायचे नाही. आणि छातीत दुखून घाम आला, दम लागला, हात-जबडा दुखू लागला, तर “टेन्शन असेल” म्हणून घरी बसायचे नाही, तडक दवाखाना गाठायचा. प्रत्येक दुखणे मनाचे नसते. आधी तपासणी करून घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे. कोणी “आता जगून काय करू” असे बोलू लागला, आपल्या वस्तू वाटू लागला, एकदम गप्प झाला, तर त्याला एकटा सोडू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचा विचार येतो का?” असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला हायसे वाटते. १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’चा फोन ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो दिवसरात्र चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारावर उपचार मिळतात, तिथे जाण्यात लाज मानण्यासारखे काही नाही. मारझोड चालू असलेल्या घरात तेलाच्या हाताने भागत नाही, तिथे मारझोड थांबली पाहिजे. घरातल्या हिंसेविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे, आणि बाईच्या पाठीशी उभे राहणे ही सगळ्या वस्तीची जबाबदारी आहे.

समितीपुढे आमची एक सूचना आहे. दर पौर्णिमेला वंदना झाली की अर्धा तास बायकांचा वेगळा आणि पुरुषांचा वेगळा बसावा. कोणाचे भाषण नको, वर्गणी नको. श्वासाकडे थोडा वेळ लक्ष द्यावे, खांदे आवळून सोडावेत, ज्याला हवे त्याने बोलावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. आशाताईंना बोलवावे, म्हणजे ज्याला दवाखान्याची गरज आहे तो वेळेवर पोहोचेल. वर्षभर करून पाहा. उपयोग झाला तर पुढे चालवा, नाही झाला तर समितीच्या बैठकीत मोकळेपणाने सांगा आणि दुसरे काही शोधू.

ज्या समाजाला शिवू नका असे सांगितले गेले, त्या समाजाच्या विहारात कोणाही दुखावलेल्या माणसाला, तो कोणत्याही जातीचा असो, मायेने हात मिळावा एवढीच आमची अपेक्षा.  आता भोजनदानाची वेळ झाली आहे. पंगतीत बसताना शेजारच्या आजीबाईंना हात देऊन बसवा, म्हणजे कामाला आजच सुरुवात होईल.

नमो बुद्धाय. जय भीम.